गाडीला ऐकू येत होतं

"म्हाताऱ्या माणसांच्या हाताला हा स्क्रीन लागूच देऊ नका, सर."

हे वाक्य माझ्या डोळ्यांसमोर ठळक अक्षरांत उमटलं, तेव्हा मी माझ्याच गाडीत डाव्या सीटवर मांडीवर पर्स घेऊन बसले होते. बोलणारा सर्व्हिस सेंटरचा टाय लावलेला मुलगा ड्रायव्हरच्या सीटवर होता आणि माझा मुलगा निशिकांत त्याच्या खिडकीशी वाकून उभा होता. हात लांब केला असता तर दोघांनाही चिमटा काढता आला असता, इतकी मी जवळ होते. पण दोघांच्याही हिशेबी मी तिथे नव्हतेच, कारण मला ऐकू येत नाही.

गाडीला मात्र येत होतं. छतातल्या माइकने ऐकलेलं सगळं तिच्या स्क्रीनवर, माझ्या बाजूच्या उभ्या पट्टीत ओळीमागून ओळ उतरत होतं.

"कंपनीचं ॲप नाही हे. बाहेरून टाकलंय. उद्या सिस्टिम बिघडली तर वॉरंटी जाईल."

"मग काढून टाका."

"आईंना विचारायला नको?"

"मी नंतर सांगतो तिला."

एवढ्यात टायवाल्याची नजर त्या पट्टीकडे गेली. स्वतःचंच बोलणं त्याने वरपासून खालपर्यंत वाचलं आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"वाचलं मी सगळं," मी म्हणाले. "म्हातारी कोण तेही कळलं. आता गाडी कुणाच्या नावावर आहे, तेवढं तुमच्या कागदावर बघून घ्या."

त्याने निशिकांतकडे पाहिलं. निशिकांतने मला तळहात दाखवला. आमच्या घरात त्या तळहाताचा अर्थ 'आई, तू थांब जरा' असा होतो. त्या पोराचं बोट स्क्रीनवर दोन-चार ठिकाणी फिरलं आणि माझी पट्टी पुसली गेली. तिच्या जागी कंपनीचा डोंगर आणि डोंगरामागचा सूर्य आला.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आणि मिरच्या झोंबणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. साताऱ्यात रसाळ कांडप म्हटलं की जुनी माणसं अजून रस्ता दाखवतात. नवरा गेल्यावर ते यंत्र मी चालवलं, आणि माझी थोरली बहीण अक्का माझ्या जोडीला होती. तीही लवकर विधवा झालेली, मुलगा दिलीपला घेऊन माझ्याकडे आलेली. मी यंत्रापाशी उभी, अक्का पुढे चाळणीपाशी. लोखंडी मुसळं एकदा उठायला लागली की शेजारी उभ्या माणसाने मारलेली हाकसुद्धा कानापर्यंत यायची नाही. म्हणून आम्ही दोघी बोटाने एकमेकींच्या तळहातावर लिहायचो. 'मीठ', 'पाणी', 'पाटलीणबाई आल्या', 'पोरगं रडतंय'. मसाला मनासारखा बारीक झाला की अक्का हाताला चिमूट चोळून बघायची आणि माझ्या तळहातावर लिहायची, 'झालं'. मला पटलं तर मी मोटर बंद करायची. नाही पटलं तर तिचाच हात उलटा करून लिहायची, 'अजून नाही'. त्यावरून आमची भांडणंही व्हायची, आणि तीसुद्धा तळहातावरच.

त्या यंत्राने घर चालवलं, पोरं शिकवली, आणि जाता जाता माझे कान घेऊन गेलं. डॉक्टर म्हणाले, आतली नस झिजली. कानाचं मशीन लावून बघितलं, पण त्याने नुसता गलका वाढायचा, शब्द काही सुटे व्हायचे नाहीत. अक्का तोवर दिलीपबरोबर मिरजेला राहायला गेली होती. कांडप मी भाड्याने चालवायला दिलं आणि शिल्लक राहिलं त्यातून ही गाडी घेतली, माझ्या नावावर. चालवायचा निशिकांत.

बहिरेपणाचं मला दुःख नाही झालं म्हणाले तर ते खोटं होईल. पण खरा राग यायचा तो दोन शब्दांचा. जेवताना सगळे हसले आणि मी विचारलं, "काय झालं?" तर ओठ हलायचे, "काही नाही." फार आग्रह केला तर, "नंतर सांगते." ते नंतर कधी आलं नाही. लोक वाईट नव्हते. माझी सून गौतमी मला गरम पोळी वाढल्याशिवाय जेवायची नाही. पण पोळी गरम देणारी माणसंसुद्धा बातमी मात्र शिळी करून देतात, किंवा देतच नाहीत. अक्का तेवढी वेगळी. मिरजेहून आली की शेजारी बसून सगळ्यांचं बोलणं माझ्या तळहातावर उतरवायची, कुणी कुणाला टोमणा मारला तोसुद्धा.

गाडीत तर मी पार पोतं व्हायचे. मान वळवून मागच्यांचे ओठ वाचता येत नाहीत, आणि मोबाइलवर बोलणं लिहून दाखवणारं ॲप होतं, पण चालत्या गाडीत खाली बघितलं की मला मळमळतं. शिवाय मोबाइल समोर धरला की माणसं सभेत उभी राहिल्यासारखी बोलतात.

आम्हा कान गेलेल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात उरणचे म्हात्रे म्हणून आहेत, जन्मभर जहाजाच्या इंजिनरूममध्ये काम केलेले. त्यांचे कानही माझ्यासारखेच मोटरीने खाल्लेले. त्यांनी लिहिलं, 'ताई, गाडीचा स्क्रीन म्हणजे एक टॅबच. ग्रुपमधल्या एकाच्या लेकीने आपल्यासाठी ॲप बनवलंय. कुठल्या दुकानात मिळणार नाही. पेनड्राइव्हवर पाठवतो.'

मी विचारलं, 'गाडी बंद पडली तर?'

'इंजिनाला त्याचा पत्ताही लागत नाही. मी इंजिनातला माणूस आहे, माझं ऐका. म्हणजे वाचा.'

मग भर दुपारी सगळे कामावर गेल्यावर मी पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसले. सेटिंगमध्ये एका आकड्यावर सात वेळा टिचकी मारायची, की गाडी आपला आतला दरवाजा उघडते. सात फेरे घालून तिच्याशी सोयरीकच जुळवायची म्हणा ना. मग पेनड्राइव्ह लावला. 'अनोळखी ठिकाणाहून आलेलं ॲप घ्यायचं का?' गाडीने विचारलं. घे म्हटलं बाई, अनोळखी माणसंच बरी. मोबाइलचं इंटरनेट जोडलं आणि धीर करून मोठ्याने बोलले, "हेमलता रसाळ." समोर अक्षरं उमटली, 'हेमलता रसाळ'. स्वतःचा आवाज किती वर्षांनी मला परत मिळाला होता. मी तिथे एकटीच बसून रडले.

चार दिवस कौतुक झालं. मग निशिकांतची कुरकुर सुरू झाली. गाडी चालवताना नजर तिकडे जाते म्हणाला. ते मला पटलं, म्हणून म्हात्र्यांना विचारून मी ती पट्टी अगदी माझ्या बाजूला घेतली, अक्षरं मला पुरतील एवढीच ठेवली आणि नकाशा त्याच्याकडे दिला. तरी याचं तोंड वाकडंच. वॉरंटी, वॉरंटी. शेवटी सर्व्हिसिंगच्या दिवशी काय झालं ते सांगितलंच.

मी हार मानली असं सगळ्यांना वाटलं. मी वाद घातला नाही, कारण पेनड्राइव्ह माझ्या पर्समध्ये होता. पुढच्याच आठवड्यात, गौतमीच्या चुलतबहिणीच्या साखरपुड्याला कोल्हापूरला निघायच्या आदल्या दुपारी, मी पार्किंगमध्ये जाऊन पुन्हा सात टिचक्या मारल्या.

सकाळी ॲप सुरू मात्र केलं नाही. शुभकार्याला निघताना तोंडं वाकडी नकोत, परत येताना दाखवू, असं ठरवलं. माझी मुलगी मोहिनी पुण्याहून येऊन आमच्यात बसली होती. ती आणि गौतमी मागे, मी पुढे. कऱ्हाड मागे पडलं, कासेगाव गेलं. नेर्ल्याच्या आसपास निशिकांतने गाडी बाजूला घेतली, टायरकडे बोट दाखवलं आणि हवा भरणाऱ्याला शोधायला उतरला.

मी उन्हासाठी वरची झडप खाली ओढली. तिला आरसा असतो. आरशात मागच्या दोघी दिसल्या, डोक्याला डोकं लावून बोलत होत्या. आणि मोहिनी डोळे पुसत होती.

मी मागे वळले. "काय झालं गं?"

मोहिनीने घाईघाईने पदर डोळ्यांवरून काढला. तिचे ओठ मला पाठ आहेत. "काही नाही."

मी पुढे वळले आणि ॲपवर बोट ठेवलं.

मागच्या सीटवरून स्क्रीन दिसत नाही, पुढच्या सीटच्या आड येतो. मोहिनीला ॲपची गोष्टच ठाऊक नव्हती. गौतमीला ठाऊक होतं ते एवढंच, की सर्व्हिस सेंटरने ते काढून टाकलं. दोघी बोलत राहिल्या आणि गाडी लिहीत राहिली. कोण बोललं ते ॲपला सांगता येत नसे, पण 'ताई' म्हणणारी सून आणि दुसरी लेक, एवढं मला कळत होतं.

"मला नाही बरं वाटत गौतमी. आईला सांगायला हवं होतं."

"आज नको ताई. बीपी वाढलं तर रस्त्यात काय करणार आपण? एवढा कार्यक्रम पार पडू दे."

"दिलीपदादाचा सकाळी परत फोन होता. मावशीने कालपासून पाणीसुद्धा घेतलं नाही. डॉक्टर म्हणाले, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या."

"उद्या नेऊ ना. हे तसंच म्हणाले."

"उद्यापर्यंत राहिली तर. दादा म्हणत होता, सारखी विचारते, हेमा आली का, हेमा आली का."

त्यानंतर आली ती ही.

"हळू बोला ताई."

"हळू कशाला? आईला कुठं ऐकू येतंय."

माझ्या अक्काला दवाखान्यात ठेवलंय, हे मला अशा रीतीने कळलं. ती माझं नाव घेत होती, आणि मी हिरव्या काठाची पैठणी नेसून पेढ्यांचा डबा सांभाळत होते. ओरडावंसं वाटलं, पण ओरडले असते तर त्यांनी मला पाणी पाजलं असतं, पाठीवरून हात फिरवला असता आणि कोल्हापूरला नेलं असतं. म्हणून मी गप्प राहिले. गप्प बसण्याची मला सवय होतीच, आता ती कामाला आली.

निशिकांत येताना दिसला तशी मी नकाशा पुढे आणून पट्टी झाकली. गाडी सुरू झाली. पुढे पेठ नाका आहे. सरळ गेलं की कोल्हापूर, डावीकडे वळलं की इस्लामपूर, सांगली, मिरज. मी नाक्याची पाटी दिसेपर्यंत थांबले आणि पट्टी परत उघडली.

"निशिकांत, डावीकडे घे."

त्याने समोर बोट दाखवलं. कोल्हापूर सरळ आहे, असं म्हणत असावा.

"कोल्हापूर कुठंय ते मला ठाऊक आहे. मला मिरजेला जायचंय. अक्काकडे."

त्याने गाडीचा वेग कमी केला आणि आरशातून मागे बघितलं. पट्टीत अक्षरं आली, "हिला कुणी सांगितलं?"

"मी नाही." "मी पण नाही, शप्पथ."

"शपथा नका घेऊ," मी म्हणाले. "हातच्या काकणाला आरसा कशाला? ही बघा." आणि पट्टी बोटाने वर सरकवली.

निशिकांतने गाडी कडेला उभी केली आणि वाचलं. मागच्या दोघी सीटच्या फटीतून पुढे वाकल्या. "आईला कुठं ऐकू येतंय" ही ओळ आली तेव्हा मोहिनीने तोंडावर हात घेतला.

निशिकांत माझ्याकडे वळून, ओठ ठळक हलवून बोलायला लागला. मी त्याच्या तोंडाकडे बघितलंच नाही, समोर बघितलं. बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा मी भांडणात ऐकणाऱ्या माणसासारखी ताठ बसले होते.

"आई, तुझ्या काळजीपोटीच केलं. तिकडे सगळे वाट बघतायत. गौतमीच्या माहेरचा मान आहे. दोन तास थांबून संध्याकाळी नेतो तुला मिरजेला. शब्द देतो."

"तुझा 'नंतर' मला माहीत आहे, निशिकांत. तुम्ही सगळे मला नंतरच सांगता. अक्काकडे नंतर उरलेला नाही, आणि हे तुला माहीत होतं."

"तू तिथे जाऊन काय करणार? ती आता धड बोलू शकत नाही, तुला ऐकू येत नाही."

हे त्याने रागात म्हटलं. छापल्यासारखं समोर आलं आणि तिथेच राहिलं. बोललेलं विरून जातं, लिहिलेलं जात नाही. त्यालाही ते दिसत होतं.

"आम्ही दोघी तीस वर्षं तशाच बोललोय," मी म्हणाले. "आता ऐक. गाडी माझी आहे. ती मिरजेला चाललीय. ज्याला कोल्हापूरला जायचंय त्याने नाक्यावर उतरावं. एसट्या भरपूर आहेत. तू उतरणार असशील तर तसं सांग, मी इथे उभी राहून हात दाखवते. मिरजेला जाणारं कुणीतरी थांबेल. बहिरी आहे, पांगळी नाही."

आणि मी दाराचा खटका ओढला. दार उघडं, बाहेर ट्रक चाललेले, माझा एक पाय जमिनीवर.

पट्टीत नवीन ओळ आली.

"अहो, डावीकडे घ्या."

'अहो' म्हणणारी गाडीत एकच होती. मी मागे वळून पाहिलं. गौतमी फोन कानाला लावत होती, माहेरी कळवायला. तिचा चेहरा उतरला होता, पण माझ्याकडे बघून तिने मान हलवली. मी पाय आत घेतला. त्या एका वाक्यासाठी मी तिला सगळं माफ केलं, लगेच नाही, पण केलं.

मिरजेच्या दवाखान्यात दिलीप दारातच भेटला आणि मला बघून लहान पोरासारखा रडला. अक्का पलंगात इतकी लहान झाली होती की आधी पांघरूणच दिसलं. तोंडावर प्राणवायूचा मास्क, त्यामुळे ओठ वाचायची सोय नाही. निशिकांत म्हणाला होता त्यात तेवढं खरं होतं.

मी तिच्याजवळ बसले आणि माझा हात तिच्या हाताखाली सरकवला, तळहात वर करून. तिचे डोळे मिटलेले होते. थोड्या वेळाने बोट हललं. 'हेमा' लिहायला तिला फार वेळ लागला. मग माझ्या साडीच्या काठाला बोट लावलं आणि लिहिलं, 'नटलीस'. मी हसले. पैठणी नेसून दवाखान्यात येणारी त्या वॉर्डात मी एकटीच.

"पोरं मला साखरपुड्याला नेत होती," मी तिला सांगितलं. "पळून आले." तिच्या मिटल्या डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या. मास्कच्या आत ती हसत होती हे मला कुणी सांगायला नको होतं.

मग तिने माझा हात दाबला आणि सावकाश, अक्षरं सुटी सुटी करून लिहिलं.

'झालं.'

मी तिचा हात उलटा केला. तो वाळक्या पानासारखा हलका झाला होता. त्यावर मी लिहिलं, पूर्वी जशी जोर देऊन लिहायची तसंच.

'अजून नाही.'

तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. मसाल्यावरून भांडताना पाहायची, अगदी तसं. मी जागची हलले नाही. दुपार सरली, संध्याकाळ सरली, तिचं बोट अधूनमधून माझ्या तळहातावर हलत राहिलं. कधी अक्षर लागायचं, कधी नुसती रेघ. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती गेली. 'उद्या नेऊ' असं घरात ठरलेलं होतं, तो हा उद्या.

परतीच्या वाटेवर पट्टी चालू होती आणि निशिकांतने ती बंद करायला सांगितलं नाही. इस्लामपूर सोडल्यावर एकच ओळ आली, "आई, माझं चुकलं." मी ती वाचली. उत्तर दिलं नाही. पण पट्टी वर सरकवून पुसलीही नाही, सातारा येईपर्यंत ती तिथेच होती.

पुढच्या सर्व्हिसिंगला निशिकांत मला मुद्दाम बरोबर घेऊन गेला. तोच टायवाला मुलगा ड्रायव्हरच्या सीटवर बसला, आणि त्याला पुन्हा ती पट्टी दिसली.

"सर, हे परत आलंय. काढावं लागेल. नाहीतर वॉरंटी..."

"मला काय विचारता?" निशिकांतचे शब्द माझ्यासमोर उमटले. "गाडी आईची आहे. तिला विचारा."

तो मुलगा माझ्याकडे वळला. या वेळी माझ्या तोंडाकडे बघून बोलला. स्क्रीन वाचायची गरजच पडली नाही, इतके त्याचे ओठ स्वच्छ हलले.

"काकू, काढू का?"

माझा तळहात मांडीवर उघडाच होता. मी तो मिटला.

"अजून नाही," मी म्हणाले.